भिरूडसाहेबांचा कान

कारखान्यातलं काम तुम्हाला कोणी शिकवलं, असं कोणी विचारलं की मला एकच नाव घ्यावं लागतं, आणि ते घेताना तोंड कडू होतं. मुरलीधर भिरूड. राहणार असोदा. नोकरी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, हुद्दा प्रॉडक्शन इंजिनिअर. पुढे धुळ्याला, हुद्दा सेल्स मॅनेजर. या दोन हुद्द्यांमधलं अंतर एस.टी.नं अडीच तासांचं आहे. साहेबांनी ते कसं कापलं हे मी जवळून पाहिलं, आणि तेव्हापासून कोणी फार गोड बोलायला लागलं की मी आधी जरा मागे सरकतो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्या कारखान्यात जीपच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे हब तयार व्हायचे. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा लोखंडी गाभा. त्याच्या आत बेअरिंग बसतं आणि त्यावर चाक फिरतं. मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. पहिल्या दिवशी साहेबांनी मला ना गाव विचारलं, ना मार्क. एक हब टेबलावर ठेवला, हातोडीनं हलकेच टोला दिला आणि म्हणाले, "डोळे मीट. आता आयक."

घंटेसारखा लांब नाद आला. मग दुसरा हब ठेवला. तोही वाजला, पण फुटक्या मडक्यासारखा.

"काय झालं?"

"आवाज बसका आहे."

"चीर आहे त्याच्यात. दिसत नही, पन आयकू येते. लोखंड खोटं बोलत नही, सोन्या."

माझं आडनाव सोनवणे. त्यांनी त्याच दिवशी त्याचा 'सोन्या' केला.

त्यांचा कान हा आमच्या कारखान्यातला चमत्कार होता. सकाळी गेटातून आत येता येता ते थांबायचे, मान डावीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे, आणि तिथूनच ओरडायचे, "कोपऱ्यातलं लेथ बंद करा रे, बेअरिंग गेलं त्याचं!" उघडून पाहावं तर खरंच गेलेलं. एकदा मोटारसायकल नादुरुस्त म्हणून ते असोद्याहून एस.टी.नं निघाले आणि वाटेतच ड्रायव्हरला म्हणाले, "तुमच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला एक तुटलेला आहे." ड्रायव्हरनं सगळ्या गाडीसमोर त्यांचा उद्धार केला. जळगाव स्टँडवर तोच खाली वाकून बघतो, तर पाटा तुटून लोंबत होता. साहेब तोवर चालू लागले होते. कोणी शाबासकी द्यावी म्हणून थांबायचा त्यांचा स्वभाव नव्हता, तेव्हा तरी.

दुपारी डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा ते मशीनजवळच खायचे. हात नीट धुतलेले नसायचे. भाकरीला तेलाचा वास लागतो म्हटलं की म्हणायचे, "लागू दे. त्याच्यावरच तर भाकर मिळते."

गोष्ट इथेच थांबली असती तर मी आज त्यांची तसबीर भिंतीवर लावली असती.

झालं असं की एका पावसाळ्यात फाउंड्रीतून आलेल्या ओतीव मालाच्या एका अख्ख्या खेपेत चिरा निघाल्या. साहेबांनी एकेक हब वाजवून पाहिला आणि सगळी खेप बाजूला काढली. आमचे शेठ चिडले. गाड्या बनवणारी कंपनी मालासाठी खोळंबली होती. साहेब म्हणाले, "चाकाचा माल आहे शेठ. फुटला तर माणूस मरेल." शेठ दोन दिवस धुमसत राहिले, पण साहेब हलले नाहीत. आम्ही पोरं छाती फुगवून फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा खरेदी-विक्री बघणारा एक अधिकारी पुण्याहून मोटारीनं आला. गोरापान, पांढरा शर्ट, अंगाला सेंटचा घमघमाट. शेठनं स्वतःची खुर्ची सोडून त्याला बसवलं. उसाचा रस मागवला. भिरूडसाहेब दोन चिरलेले हब दोन हातांत घेऊन केबिनबाहेर उभे होते. त्यांना आत बोलावेपर्यंत दुपार सरली. मी मागे होतो, म्हणून मला आतलं सगळं ऐकू आलं.

अधिकाऱ्यानं हबकडे पाहिलंसुद्धा नाही. हसून म्हणाला, "भिरूड, तुमचं बरोबर आहे हो. पण जरा ॲडजस्ट करा. सगळेच काही फुटत नाहीत."

खेप गेली. त्या चिरांचं पुढे काय झालं, कोणाला कळलं नाही.

साहेब बाहेर आले, हब पायरीवर ठेवले आणि नळावर गेले. लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन ते हात घासत राहिले. नखांतलं तेल निघत नव्हतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, आता राजीनामा देतील, किंवा निदान एक सणसणीत शिवी तरी.

ते म्हणाले, "त्याचे हात पाहिले का रे? बाईसारखे होते. आणि शेवटी शब्द कोणाचा चालला?"

मी म्हणालो, "पण बरोबर तुम्ही होता, साहेब."

"त्याचं काय करू? लोणचं घालू?"

अपमान झाला की काही माणसं अपमान करणाऱ्याशी भांडतात, काही गप्प बसतात. साहेबांनी त्याची खुर्ची हेरून ठेवली. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच ते धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका जीपच्या शोरूममध्ये सेल्स मॅनेजर म्हणून रुजू झाले. वर्षभरानं मला निरोप आला: वर्कशॉप सांभाळायला ये. मी गेलो. भिरूडसाहेबांच्या हाताखाली, म्हणजे कुठेही जायला तयार होतो मी.

शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेलो तर समोर एक सफारीवाला गृहस्थ. केस मागे वळवलेले, गालाला पावडर, आणि तोच सेंट. शप्पथ सांगतो, तोच. हात पुढे करून म्हणाला, "या, मिस्टर सोनवणे. ॲक्च्युअली मी तुमचीच वाट बघत होतो."

सोन्या जळगावलाच राहिला.

धंद्याची बाजू त्यांनी जशी शिकून घेतली तसं ते इंजिनिअरिंगसुद्धा शिकले नसतील. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या टोपीवरून, चपलेवरून गाव ओळखायचे. मग संबोधन ठरायचं. कोणी भाऊ, कोणी दादा, म्हातारा असला की आबा, आणि सोबत बाई असली तर सगळ्यांना सोडून आधी तिला, "या अक्का, पंख्याखाली बसा." अक्का बसली की निम्मी गाडी विकली गेली, असं ते मला नंतर सांगायचे. आणि सांगताना हसायचे. ते हसू मला कधी आवडलं नाही. "गाडी विकायची नसते, मिस्टर सोनवणे. याच्या शेजाऱ्याचं पडलेलं तोंड याला विकायचं असतं." गाडीच्या इंजिनाबद्दल कोणी विचारलं तर स्वतः सांगायचे नाहीत. "आमचे इंजिनिअर सांगतील," म्हणून माझ्याकडे बोट. बॉनेट उघडं असलं की ते त्याच्यापासून चार हात लांब उभे राहायचे, आतून कुत्रं निघेल अशा धास्तीनं.

एकदा त्यांचे थोरले भाऊ असोद्याहून आले. केळीचं पीक चांगलं आलं होतं, जीप घ्यायची होती. खांद्यावर केळीचा घड आणलेला. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, थंड बाटली फोडली, आणि सुरू झाले. केळीला कसा भाव आहे, गावात कोणाकोणाकडे गाडी आली, दारात जीप उभी राहिली की सोयरिकी कशा चालून येतात. तेच हातवारे, त्याच जागी थांबणं, त्याच जागी हसणं. भाऊ बाटली हातात धरून ऐकत होते. गाडी घेतलीही त्यांनी. निघताना वर्कशॉपकडे आले, माझ्या हातात घड दिला आणि म्हणाले, "आमचा मुरल्या लय गोड बोलू र्‍हायला. पन त्याले सांगजा, मी त्याचा सख्खा भाऊ हाये."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. दादा खूश होऊन गेला म्हणजे."

इतपत सगळं मी हसण्यावारी नेत होतो. बढाई, पावडर, ॲक्च्युअली. यानं कोणाचा जीव जात नाही. पण मग नव्वदनंतरची ती आखाजी आली.

आखाजीचा मुहूर्त म्हणजे आमच्याकडे शोरूमला जत्रा. त्या दिवशी गाडी न्यायला गावंच्या गावं यायची. हार, नारळ, हळदीकुंकू, बँड. आदल्या आठवड्यात आलेल्या खेपेतल्या काही जीपना पुढच्या चाकात बारीक करकर होती. मी एक चाक उघडून पाहिलं. बेअरिंगची एक गोळी टवका उडालेली. मी साहेबांकडे गेलो.

"या खेपेतल्या गाड्या देऊ नका. सगळी पुढची चाकं उघडून बघतो. चार दिवस द्या."

"आखाजीला गाडी नाही, तर मग कधी? चार दिवसांचे आठ होतील, मग अमावस्या येईल. लोक दुसरीकडे जातील."

"साहेब, चाक आहे."

"सर्व्हिसिंगला आली की बदला ना. कोण नको म्हणतंय?"

आखाजीच्या दिवशी गाडी नेणाऱ्यांत धनराज होता. धुळ्याजवळच्या एका खेड्यातला, पंचविशीतला, दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून राबून आता स्वतःची घेत होता. धुळे ते मालेगाव प्रवाशांच्या फेऱ्या मारणार होता. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, नवं धोतर नेसून आले होते. पूजा झाली, नारळ फुटला, धनराजनं गाडी चालू करून शोरूमच्या आवारात एक फेरी मारली. आणि साहेबांसमोर येऊन थांबला.

"साहेब, हाऊ आवाज कसाना शे?"

बँड नेमका थांबला होता. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. धनराजनं गाडी पुन्हा थोडी पुढे घेतली. आणि मी पाहिलं. साहेबांची मान डावीकडे कलली. डोळे बारीक झाले. जळगावच्या गेटात व्हायचे तसेच. इतकी वर्षं, इतकी पावडर, तरी कान जागेवर होता. ते एक क्षण पूर्ण ऐकत होते.

मग मान सरळ झाली.

"अरे धनराज, नवी सून आहे ती! चार दिवस कुरकुर करणारच. सासरी रुळली की गप्प होईल."

सगळे खदखदा हसले. आबा तर डोळे पुसत हसले. बँड सुरू झाला. मी धनराजच्या खिडकीशी गेलो, म्हणालो, "परवा वर्कशॉपला घेऊन ये, चाक उघडतो." तो हो म्हणाला. पण साहेब मागून आलेच, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पहिलं सर्व्हिसिंग असतंच ना. तोवर बिनधास्त मार. धंदा बुडवू नको."

धनराजनं कोणाचं ऐकावं? एकीकडे तेलकट कपड्यातला मी, दुसरीकडे सफारीतले मॅनेजरसाहेब, ज्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच, मालेगाव रस्त्यावरच्या लळिंगच्या घाटात गाडी उतरताना पुढचं चाक जाम झालं. जीप कठड्यावर जाऊन उलटली. प्रवासी उतरून गेलेले होते, एकटा धनराज होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी ओढून वर्कशॉपला आणली. मी हब उघडला. बेअरिंगचा चुरा झाला होता, लोखंड तापून निळं पडलेलं. साहेबांना बोलावलं. ते आले, लांबूनच पाहिलं. हात लावला नाही. मी म्हणालो, "ऐकायची गरज नाही आज. दिसतंय."

"कंपनीकडे पाठवतो मी हे," ते म्हणाले. तो हब त्याच दिवशी वर्कशॉपमधून गेला. कुठे गेला, मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

आता जे सांगतो ते नीट सांगायला हवं, कारण या माणसाची गंमत अशी की त्याचं वाईटसुद्धा चांगल्यासारखं दिसतं. बातमी कळताच सरकारी दवाखान्यात सगळ्यात आधी पोचले ते भिरूडसाहेब. डॉक्टरांशी बोलले ते. रक्त कमी पडलं तेव्हा बाही वर करून झोपले तेही तेच. विम्यासाठी स्वतः खेटे घातले, धनराजच्या धाकट्या भावासाठी दुसरी जीप उभी करून दिली. हे सगळं खरं आहे. यातलं मी काही नाकारत नाही. आणि रोज संध्याकाळी खाटेशेजारी बसून, मोसंबी सोलता सोलता, ते धनराजला हळूहळू पटवत होते.

"उतारावर जरा जास्त होता ना वेग? होतं रे. नवी गाडी, तरणा माणूस. तू मनाला लावून घेऊ नको. आम्ही कोणी तुला दोष देत नाही."

दोष देत नाही! गाडी विकताना शेजाऱ्याचं तोंड विकणारा माणूस आता त्याला त्याचीच चूक विकत होता. धनराजनं तीही घेतली.

मी एका सकाळी आबांना व्हरांड्यात गाठलं. सगळं सांगितलं. चाक मुळातच खराब होतं, आम्हाला माहीत होतं, चूक धनराजची नाही. तक्रार करा, मी साक्ष देतो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मना पोर्‍याले साहेबस्नी रगत दिधं. तुम्ही काय दिधं?"

आत धनराज उशीला टेकून बसला होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मनीच चूक व्हयनी, सोनवणेभाऊ."

पाय गेला तो बेअरिंगमुळे. आपण चांगला ड्रायव्हर आहोत ही खात्री गेली ती भिरूडसाहेबांमुळे. दुसऱ्या गोष्टीची कापाकापी त्यांनी एकट्यानं केली, सुरीला रक्त न लागू देता.

धनराज बरा झाल्यावर साहेबांनी त्याला शोरूमच्या दारावर नोकरी दिली. निळा गणवेश, टोपी, लाकडी पाय. गिऱ्हाईक आलं की काचेचं दार उघडायचं. आणि एखादं गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की साहेब दाराकडे बोट दाखवायचे. "तो धनराज. आमचाच गिऱ्हाईक. घाटात स्वतःच्या चुकीनं अपघात केला. कोणती कंपनी विचारते हो नंतर? आम्ही घरच्यासारखा सांभाळला. ये रे धनराज, सांग यांना."

धनराज यायचा, हात जोडायचा आणि सांगायचा.

हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायला थांबलो नाही. नोकरी सोडली आणि जळगावला परत येऊन पुन्हा हब वाजवायला लागलो. निघताना साहेबांना तोंडावर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते पेपरवेट फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झालं? चहा घेऊन जा."

त्यानंतर त्यांची गाठ पडली ती एकदाच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पारोळ्याला एका नातेवाइकाच्या लग्नाला मोटारसायकलवर निघालो होतो. गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाखाली एक पांढरी कोरी मोटार उभी, आणि तिच्या बाजूला भिरूडसाहेब. आता ते मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचे इकडच्या सगळ्या जिल्ह्यांचे मॅनेजर झाले होते, हे मला ऐकून माहीत होतं. केस पांढरे झाले होते. ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेला होता. बॉनेट बंदच, कडेनं वाफ येत होती.

मी थांबलो. का थांबलो, माहीत नाही. सवय.

"पंख्याचा पट्टा तुटला का?"

"पट्टा नाही. वॉटर पंप आहे. एरंडोल सोडल्यापासून आवाज करत होता."

"मग तिथेच थांबायचं होतं."

"नाशिकला मीटिंग आहे."

मी गाडी स्टँडला लावली. बॉनेट उघडायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे. माणूस येतोय." ट्रक जात होते. बोलण्यासारखं एकच होतं, ते मी बोललो.

"आखाजीच्या दिवशी धनराजच्या गाडीचाही आवाज ऐकू आला होता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ॲक्च्युअलीनं सुरुवात होणार. पण अगदी हळू, त्यांच्या आईनं ज्या बोलीत त्यांना वाढवलं त्या बोलीत, ते म्हणाले,

"आयकू आला व्हता."

बस, एवढंच. मी वाट पाहिली. पुढे काही येईल, निदान मान खाली जाईल. गेली नाही. त्यांनी सफारीची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "तुम्ही कारखान्यात परत गेलात, बरं केलंत. तुमच्यासारखी माणसं तिथेच लागतात."

इतक्यात त्यांचा ड्रायव्हर एका पोरसवदा मेकॅनिकला कोणाच्या तरी लूनावर मागे बसवून घेऊन आला. मेकॅनिक धुसफुसत उतरला. जेवणावरून उठवून आणलं होतं त्याला. आणि साहेब बदलले. जागच्या जागी, दिवा लावावा तसे. दोन पावलं पुढे गेले, त्याच्या तेलकट खांद्यावर हात ठेवला.

"या भाऊ, या! सगळा पारोळा तुमचंच नाव सांगतो. जेवण झालं का तुमचं? नाही? अरेरे. आधी पाणी घ्या."

मेकॅनिक फुलला. त्यानं पाणी घेतलं नाही, सरळ बॉनेटखाली शिरला. साहेब मागे जाऊन सीटवर बसले, काच वर केली, आणि आतल्या आरशात बघून केस सारखे करू लागले.

मी मोटारसायकलला किक मारली. बॉनेटखालून त्या मेकॅनिकनं डोकं बाहेर काढलं आणि कौतुकानं मला म्हणाला, "एवढा मोठा मानूस शे, पन कसा गोड बोलस!"